दगडांची कळशी

बंद केमिकल कंपनीचं जमिनीत मुरलेलं विष काढायला आलेल्यांनी आमची विहीर उपसली, तेव्हा तळातून सासूबाईंची पितळी कळशी वर आली. त्या कळशीशिवाय विहिरीत दुसरं भांडं सोडायचं नाही, ही आमची रीत. दहा वर्षांमागे सून म्हणाली, “आई, पाण्याला वास येतो.” मी म्हटलं, “नळावर वाढलेली तू, तुला विहीर काय कळायची गो?” दुसऱ्या दिवशी कळशी तिच्या हातून सुटली. गळ टाकूनही निघेना. मी तिला गावभर वेंधळी ठरवली, रीत मोडून बादली दिली. पाणी चांगलंच, हा माझा हेका नाही मोडला. पाणी सगळेच प्यायलो. किडन्या तिच्या गेल्या, मग तीही. आज कळशी उपडी केली, तर ठासलेले जांभ्याचे दगड पडले. हातून सुटली नव्हती, तिनेच बुडवली होती. उपसायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “पाणी बिघडल्याचं पहिलं कुणी सांगितलं?” माझंच नाव जिभेवर आलं, ते गिळलं. “लिहा,” म्हटलं, “नम्रता. आमची सून.”