सासूबाईंच्या खोलीतला हीटर

“तुमचा हीटर पुन्हा गेला,” सासूबाईंनी दारातून जाहीर केलं आणि अंगावरची शाल सावरत त्या पुढच्या खोलीत निघून गेल्या.

‘तुमचा’ या शब्दावर जोर होता. जावयाने तो बरोबर टिपला. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि तो मनातल्या मनात सासूबाईंचा उद्धार करत मागच्या खोलीत गेला.

लोक त्याला मिस्त्री म्हणत. हीटर, इस्त्री, गिझर, जे म्हणून तापतं ते सगळं तो दुरुस्त करी. थंडीची चाहूल लागली की त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. सासूबाईंना मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. बँकेतला चांगला मुलगा सोडून लेकीने हा तारा जोडणारा पसंत केला, हे दुःख त्यांनी लग्नाच्या दिवसापासून जिवापाड जपलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. आणि गंमत अशी, की त्या एका शब्दासाठी हा गडी आतून झुरत होता. सांगायचं कुणाला? पन्नाशीला आलेला माणूस सासूच्या शाबासकीची वाट बघतो म्हटल्यावर लोक हसणारच.

उन्हाळ्यात सासूबाई आपलं घर बंद करून लेकीकडे कायमच्या राहायला आल्या. सामान खाली टेकायच्या आधीच त्यांनी अट घातली होती. “मला वेगळी खोली पाहिजे. तुमच्या गोंगाटात मी बसणार नाही. एकटीने राहायची सवय आहे मला.” जावयाने मागची खोली रंगवून दिली. पावसाळा सरला तसा तिथे दुकानातला सगळ्यात भारी हीटर आणून बसवला. आता तरी म्हातारी काहीतरी चांगलं बोलेल, असं त्याला वाटलं.

काल पहिली थंडी पडली आणि हीटर बंद पडला. प्लगमधली तार सुटली होती. त्याने ती जोडली, स्क्रू आवळला आणि स्वतःच्याच हाताला शिव्या घातल्या. मिस्त्रीच्या घरातच थंडी, ही बातमी सासूबाईंनी सकाळी दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळीकडे पोचवली. दुकानात दोन गिऱ्हाइकांनी त्याला विचारलंसुद्धा.

आज त्याने प्लग उघडला तर पुन्हा तेच. या वेळी त्याने तो दिव्याखाली धरून नीट बघितला. तार सुटली नव्हती, कुणीतरी सोडवली होती. स्क्रूच्या खाचेत चाकूच्या टोकाचे ओरखडे होते. फळं कापायची सुरी कालपासून स्वयंपाकघरातून बेपत्ता होती. ती सासूबाईंच्या उशीखाली निघाली.

मिस्त्रीचं डोकं सणकलं. म्हणजे म्हातारी मुद्दाम आपलं नाक कापतेय. आज सगळ्यांसमोर काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवून तो सुरी घेऊन निघाला आणि पुढच्या खोलीच्या दाराशी थांबला.

आत त्याने भंगारातून जोडलेला जुना हीटर खरखरत होता. त्याच्यासमोर एका रजईत तिघी कोंबून बसल्या होत्या. सासूबाईंचे पाय नातीच्या मांडीवर होते. बायको आईच्या खांद्याला टेकून शेंगा सोलत होती. सासूबाई शेजारणीची नक्कल करत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. त्यांना इतके कमी दात उरलेत, हे त्याला आजच कळलं.

“आजी, आज इथेच झोप ना,” नात म्हणाली.

“झोपावंच लागेल. तुझ्या बापाला तो हीटर जमेल तेव्हा ना.” एवढं बोलून सासूबाईंनी हळूच दाराकडे बघितलं. खेळ मोडायला कोणी येतंय का, म्हणून पोरं बघतात तसं.

मिस्त्री पटकन दाराआड झाला. वेगळी खोली मागून बसलेली बाई आता कोणत्या तोंडाने म्हणणार, मला तुमच्यात बसू द्या? किती हिवाळे तिने एकटीने काढले असतील, कुणाशी बोलायची सोय नाही, नक्कल केली तर हसायला माणूस नाही. आणि आपण शहाणे, तिला पुन्हा तसलीच खोली सजवून दिली आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

तो आत आला.

“आई, नाही जमलं,” तो म्हणाला. “तो हीटर काही माझ्याच्याने दुरुस्त व्हायचा नाही. थंडी संपेपर्यंत तुम्हाला इथेच बसावं लागेल, आमच्या गोंगाटात.”

“अहो, काल तर तुम्ही पाच मिनिटांत...” बायको म्हणाली.

“आज नाही जमलं. आणि ही घे तुझी सुरी. फळांच्या टोपलीखाली पडली होती.”

सासूबाईंनी सुरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.  त्या जरा सरकल्या आणि त्यांनी रजईचं टोक उचललं. तो बसला. त्यांनी मूठभर शेंगदाणे त्याच्या काळ्या नखांच्या हातात ठेवले आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, “जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे हो.”