गुरुवारचा ट्रे

शेजारची हेदर बाळंत झाली, म्हणून अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या गल्लीतल्या सगळ्यांनी एकेक दिवस तिच्याकडे जेवण पोचवायचं ठरवलं. गुरुवार माझ्याकडे आला. काय आवडेल असं विचारलं, तर ती निरागसपणे म्हणाली, "सिंपल काहीतरी. एकाच ट्रेमध्ये बीफ, बटाटे आणि गाजरं."

आमचं घर शुद्ध शाकाहारी, त्यात साताऱ्याहून सासूबाई आलेल्या. मी नाही म्हणणारच होते, पण त्याच म्हणाल्या, "बाळंतिणीला तिच्या आवडीचं द्यायचं असतं, आपल्या नाही."

मग मी ओव्हनमध्ये रचून ठेवलेल्या कढया आणि तवे बाहेर काढले, हातमोजे चढवले आणि फॉइलच्या ट्रेमध्ये सगळं मांडलं. मिठापाशी मात्र हात अडला.

"आई, हे चाखणार कोण? मीठ कमीजास्त झालं तर?"

नाकाला पदर लावून त्या दारातून पुढे आल्या. ट्रेकडे एकदा नीट बघितलं, वरूनच चिमटी-चिमटीने मीठ आणि मिरपूड भुरभुरली आणि म्हणाल्या, "ठेव आता आत."

भाजून झाल्यावर मी ट्रे तसाच झाकून पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आन्सरिंग मशीनवर हेदरचा मेसेज होता. दोघांनी ट्रे चाटूनपुसून संपवला होता, नवऱ्याला रेसिपी हवी होती आणि मीठ म्हणे अगदी परफेक्ट.

"आई, न चाखता जमलं कसं हो तुम्हाला?"

"अगं नेत्रा, चाळीस वर्षं नैवेद्याचा स्वयंपाक करतेय. तो कधी चाखलाय का मी?"