खवल्यांचा पट्टा

सुमिएने कागद उलगडला आणि झटकन हात मागे घेतला.

पांढऱ्या रेशमी पट्ट्यावर चंदेरी त्रिकोण, एकाला एक खेटून. सापाचे खवले. कानाझावात शेंबड्या पोरालाही ही नक्षी कळते. नोह या जुन्या मुखवट्यांच्या नाटकात मत्सराने जळून बाईची सापीण होते, तेव्हा तिच्या अंगावर हीच असते. आणि पट्टा ठेवला कोणी, तर सासूने. तोंडातून अवाक्षर न काढता, सुनेच्या उशाशी.

म्हणजे संशय खरा होता. महिनाभर सासूचं, तोकु म्हातारीचं, काहीतरी शिजत होतं. तिने सुमिएच्या माहेरी गुपचूप पत्र धाडलं. उत्तर आलं, ते वाचून घाईघाईने बाहीत सारलं. नवरा उशिरा आला म्हणून सुमिएने भांडी आदळली होती, तेही म्हातारीने पाहिलं होतं. त्यात लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही. सून परत पाठवायला आणखी काय लागतं?

हाकलून देण्याआधी आपणच जावं, म्हणून तिने गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. पण मुकाट्याने जाणारी ती नव्हती. पट्टा घेऊन ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

“सापीण म्हणायचंय ना आई? मग तोंडावर म्हणा!”

तोकु मुळा चिरत होती. “कोण सापीण? अगं, यंदा तुझं तेहतिसावं. बाईला सगळ्यात वाईट वर्ष. ते कातीसारखं उतरून जावं म्हणून सासूने सुनेला खवले द्यायचे असतात.”

“तेहतिसावं कसलं? मी एकतीस वर्षांची आहे!”

“ते सरकारी! चार वर्षांपूर्वी कायदा करून सगळ्यांना तरुण केलंय मेल्यांनी. पण पीडेला कुठे कायदा वाचता येतो? ती जुन्याच हिशेबाने येते. जन्मताच एक, मग दर नव्या वर्षाला एक. तुझी जन्मतारीख तुझ्या आईकडून मागवली. डिसेंबरची अखेर! चार दिवसांत दोन वर्षांची झालीस तू.”

सुमिएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोकुने हात पुसले, पट्टा तिच्या हातातून घेतला आणि तिच्या कमरेभोवती आवळला.

“साप कात टाकतो, बीळ नाही टाकत,” गाठ मारता मारता ती म्हणाली. “जा, दाराशी आहे ते गाठोडं सोड, आणि भात चढव.”