अगदी खऱ्यासारखं

साथीच्या रोगावरच्या सिनेमाचं शूटिंग खऱ्या प्रयोगशाळेत होतं. कॅमेऱ्याच्या मध्ये येतात म्हणून दिग्दर्शकाने सकाळीच भिंतीवरचे सहा माणसांचे फोटो उतरवून खोक्यात भरायला लावले. आठ कलाकार कोरे करकरीत संरक्षक सूट चढवून उभे राहिले, तशी तिथल्या जुन्या तंत्रज्ञ बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, खऱ्यासारखं वाटतंय ना?" दिग्दर्शकाने विचारलं.

"डोंबलाचं खऱ्यासारखं! आम्ही आठ जण होतो, आणि वरून सूट आले दोन."

"मग बाकीचे सहा काय करायचे?"

"नमुने तपासायचे. अंगावरच्या कपड्यांनिशी."

"कमाल आहे! भेटायला हवं त्यांना."

बाईंनी कोपऱ्यातलं खोकं उचललं आणि त्याच्या पुढ्यात आदळलं.

"घ्या. भेटा."