वाचनालयाचा यूपीएस

वाचनालयातला कॉम्प्युटर लाइट गेली की लगेच बंद पडायचा. साळवींनी यूपीएसची बॅटरी दोनदा बदलली, तरी तेच. शेवटी ग्रंथपालबाईंनी नव्या दुकानातल्या तबस्सुमला बोलावलं. वीस वर्षं तालुक्यातली मशीनं एकट्याने दुरुस्त करणारे साळवी हे कळताच तडक तिथे पोचले.

“झालं दुरुस्त?”

“बघा ना, काका.”

साळवींनी स्वतःच मेन स्विच बंद केला. बंद पड, बंद पड, असं ते मनात म्हणत होते. पंखा थांबला, कॉम्प्युटर चालूच राहिला.

“बॅटरी चांगली आहे,” तबस्सुम म्हणाली. “पण लेझर प्रिंटरही यूपीएसलाच जोडलेला होता. लाइट गेली की बॅटरीला त्याचा भार पेलायचा नाही. तो भिंतीतल्या प्लगला लावला.”

“पोरगी हुशार आहे हो!” ग्रंथपालबाई म्हणाल्या. साळवींचा नुसता जळफळाट झाला.

“पण तो तिथे जोडला कुणी होता?” बाईंनी विचारलं.

तबस्सुमने साळवींकडे एकदा पाहिलं. “घाईत होतं असं कुणाकडूनही.”

तिच्या हुशारीपेक्षा साळवींना आता या चांगुलपणाचाच जास्त हेवा वाटला.

“मीच जोडला होता,” ते म्हणाले.