निरोप दिलेली मुलगी

"पुण्यात थंडी पडलीय का हो?" शेजारच्या चिलेंबाबाईंनी अंगणातूनच विचारलं.

"पडलीय थोडी. काल फोनवर शिंकत होती," तियामिकेची आई म्हणाली.

घरात पडद्यामागे बसलेल्या तियामिकेने खरोखरच आलेली शिंक नाकातच दाबली.

तिला निरोप देऊन महिना होत आला होता. सगळी मामाची घाई. "देवाचं काम आधी, सरकारचं मागाहून," म्हणत त्याने बकरी कापली. चर्चची झाडून सगळी मंडळी जेवली, बायका गळ्यात पडून रडल्या. झोंबा शहरातल्या या आळीतून भारतात शिकायला निघालेली पहिलीच पोर! व्हिसा मात्र आलाच नाही. रडून निरोप दिलेलं माणूस चार दिवसांनी नळावर दिसलं तर लोक तोंडात शेण घालतील, या धास्तीने आई बोलून गेली, "पोचली हो सुखरूप." मग एक खोटं लपवायला शंभर खोटी.

तेव्हापासून तियामिके घरात कोंडलेली. परसातल्या संडासालासुद्धा अंधार पडल्यावरच जायचं. तिकडे वर्ग सुरू झाले होते, तिची जागा किती दिवस राखतील कोण जाणे. आधी ती रोज रडायची. आता रडायचाही कंटाळा आला होता. पुणं राहू दे, नुसतं दारात बसायला मिळालं तरी पुष्कळ, असं तिला वाटायचं.

"जेवणाचं काय करते?"

"भात खाते. आपल्या मक्याच्या न्सिमाची फार आठवण काढते."

"काढणारच. लेकरू ते." चिलेंबाबाईंनी कमरेच्या कापडाची गाठ सोडून सुक्या मासळीची पुडी आईच्या हातावर ठेवली. "हिच्याबरोबर न्सिमा गोड लागेल तिला."

आईच्याने मान वर करवेना.

चिलेंबाबाई फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या आणि पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तियामिकेच्या आई, आळीतल्या बायांना घेऊन मी गिरणीवर जातेय. दुपारपर्यंत काही येऊ देत नाही कुणाला. तेवढ्यात पोरीला म्हणावं, अंगणात ये, जरा ऊन खा. बसून बसून हाडं आखडली असतील."

तियामिकेने पडदा बाजूला केला. आई पुडी धरून तशीच उभी होती.

रस्त्यावरून चिलेंबाबाईंचा खणखणीत आवाज आला, "चला गं बायांनो, आटपा! मागे कुणी राहायचं नाही."