ठेवायची की काढायची

"काढूनच टाका, डॉक्टर," नरहरी म्हणाले. लगेच म्हणाले, "नाही, थांबा."

डॉक्टर सोनियानं एक्स-रे उजेडासमोर धरला. दाढेचं रूट कॅनॉल जुनंच होतं. मुळाशी काळी सावली दिसत होती, मागच्यापेक्षा मोठी.

"अंकल, तेव्हा एक नळी साफ करायची राहून गेली. दुखत नव्हतं तोवर थांबलो, ठीक था. आता चावताना दुखतंय, सावली वाढतेय. फिर से खोलना पड़ेगा. दात मजबूत आहे, काढता कशाला?"

"पुन्हा फसलं तर?"

"तर हिरडीतून छोटं ऑपरेशन. वो बाद की बात है."

"विचार करून सांगतो," असं नेहमीचंच म्हणत नरहरी बाहेर आले. जन्मभर ग्रंथपाल होते. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं याचाही ते दोनदा विचार करत.

बाहेर बाकावर पुरानी बस्तीच्या गोदावरीबाई बसल्या होत्या. दोघांची ओळख चौबे कॉलनीतल्या या दवाखान्यातलीच.

"काय ठरलं, नरहरीजी?"

"भीती वाटते हो."

"काहून घाबरून राहिले? माह्यं तं पहिलं फसलं, मग पुन्हा उघडून केलं. हे पाहा." त्यांनी डावा गाल थोपटला. मागल्या गुरुवारी उजवा थोपटला होता. "मले कळलंबी नाही."

"आणि ते इंजेक्शन?"

"मुंगी चावते तेवढंच! पोट्टीचा हात लय हलका आहे. जा तुम्ही, मी बसतो इथंच. बरं झालं की तेलीबांध्याच्या तलावावर आइस्क्रीम खाऊ."

एवढं सोसून ही बाई हसते, आणि आपण? नरहरी उठले, आत गेले, खुर्चीत आडवे झाले आणि मन बदलायच्या आत त्यांनी तोंड उघडलं.

मुंगी कसली, विंचूच होता तो. डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू ओठ जड झाला.

"गोदावरीबाईंची दाढ केलीत ना," ते कसेबसे बोलले, "तशीच नीट करा."

"गोदावरी आंटी?" सोनियाचा हात थांबला. "उनका तो एक भी दांत नहीं है, अंकल. एकदा कवळी बसती करून घ्यायला आल्या होत्या. तेव्हापासून फोन करून फक्त तुमची वेळ विचारतात."